राबाची आग आणि मातीतला कोळसा

शहरांत वसंत व्याख्यानमालेचे मांडव पडतात, ते दिवस कोकणात आणि मावळात भाजावळीचे असतात. इकडे दिवेलागणीला श्रोते सतरंजीवर जागा धरू लागतात. तिकडे घाटाखाली त्याच सुमारास, वारा पडल्यावर, शेतकरी राबाला बत्ती देतो. ज्यांचे बालपण त्या मुलखात गेले त्यांच्या नाकात तो धूर अजून असेल. आम्ही आज त्या धुराविषयी नव्हे, तर धूर निघून गेल्यावर मातीत जे मागे उरते त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. विषय शेतीचा आहे, परंतु तो इतिहासाचाही आहे. कारण या एका रीतीवरून आमच्याकडे सरकार, शास्त्र आणि शेतकरी यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षे वाद चालला, आणि त्यातील शेवटचा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही.

राब म्हणजे काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. भाताचे सगळे शेत कोणी भाजत नाही. ज्या लहान तुकड्यावर रोप तयार करावयाचे तेवढाच भाजतात. त्यावर शेणाचा थर देतात. वर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, पसरतात. त्यावर पातेरा आणि गवत घालतात. आणि सर्वांवर बारीक मातीची पातळ चादर ओढतात. मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने आग लावतात, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत सरकते. मृगाची पहिली सर आली की त्या काळ्या वाफ्यात भात पेरतात, आणि चार आठवड्यांनी हिरवेगार, निरोगी रोप उपटून लावणीला नेतात. शेजारच्या न भाजलेल्या वाफ्यातले रोप पिवळट, तणात गुदमरलेले असते. का, असे शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणे, ‘भाजल्याशिवाय रोप धरत नाही.’ एवढेच त्याचे शास्त्र. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

या अपुऱ्या शास्त्रावर पहिला घाला पडला तो जंगलखात्याचा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील डोंगर झपाट्याने राखीव होऊ लागले. भातशेतकऱ्याला कवळ लागे ते याच डोंगरांतून. त्याच्या खाचराला जोडून वरकस जमीन असे. तिच्यावर नाचणी-वरी पिके, आणि राबासाठी गवत-पाला मिळे. परंतु वरकस पुरेनाशी झाली की त्याची नजर वरच्या रानाकडे जाई, आणि तेथे आता रखवालदार उभा होता. जंगल अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, दरवर्षी फांद्या तोडल्याने झाडे खुरटतात, डोंगर उघडे पडतात, आणि एवढे लाकूड जाळून पदरात काय पडते, तर मूठभर राख! तिच्याऐवजी शेणखत का घालू नये?

गाऱ्हाणी एवढी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला या दोन जिल्ह्यांतील जंगलप्रश्नाच्या चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला. राबाच्या कवळाचा हक्क हा त्यापुढील एक मोठा प्रश्न होता. त्याआधीच, १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने गरीब शेतकऱ्याच्या तोंडचे रान कसे हिरावले, याची झाडाझडती घेतली होती. तो काळ डोळ्यांपुढे आणल्यावर ध्यानात येते की, राब चांगला की वाईट हा केवळ खतांचा प्रश्न नव्हता. राब निरुपयोगी ठरला असता तर कवळाचा हक्कही निरर्थक ठरला असता. रोपाच्या वाफ्यात काय घडते, यावर हजारो कुटुंबांचा रानातला पाय अवलंबून होता.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, जंगल अधिकारी सर्वस्वी चुकीचे नव्हते. वारंवार छाटलेली झाडे खरोखरच खुरटतात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या उघड्या पडल्या ते आम्ही पाहतोच. चूक होती ती दुसरीच. शेतकरी जे करतो त्याला कारण असेल, हे गृहीत धरण्याऐवजी ते अज्ञान आहे, असे त्यांनी गृहीत धरले.

सुदैवाने शेतकीखात्यात वेगळ्या वृत्तीची माणसे होती. मुंबई इलाख्याच्या शेतकीखात्याचे प्रमुख ओझान यांनी वाद घालण्याऐवजी वाफे पाडून प्रयोग करविले, आणि राबाचे रोप सरस ठरले. पुढे १८८९ च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्रज रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती पाहण्यास आले. सुमारे वर्षभर ते देशभर हिंडले, आणि त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील रयतेला शेती येत नाही, हा विलायतेत रूढ असलेला समज त्यांनी त्यात खोडून काढला. राबाचाही त्यांनी विचार केला व त्याची उपयुक्तता मान्य केली. तथापि राबाने नेमके काय साधते, हे कोडे त्यांच्याने सुटले नाही.

ते सोडविण्यास हात घातला पुण्याच्या शेतकी कॉलेजने. तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या दोन सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर सविस्तर निबंध लिहिला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. पिंपळे सौदागर या गावाच्या आर्थिक पाहणीमुळे आपल्याकडे पुढे ज्यांचे नाव झाले तेच हे मॅन. त्यांनी प्रश्न नीट फोडून मांडला. राबात दोन गोष्टी एकदम घडतात: मातीला राख मिळते आणि मातीला आच लागते. मग गुण कोणाचा? त्यांना आढळले की राखेचा वाटा आहेच, पण आचेचा वाटा तिच्याहून दुर्लक्षिण्याजोगा मुळीच नाही. नुसती तापलेली मातीसुद्धा रोपाला मानवते. ‘मूठभर राखेसाठी एवढे लाकूड’ या जुन्या आक्षेपाचा पायाच त्यामुळे ढासळला. शेतकरी राख करीत नव्हता, तो माती भाजीत होता. आणि ‘भाजावळ’ या शब्दातच त्याने ते केव्हाचे सांगून ठेवले होते!

योगायोग असा की, याच सुमारास, १९०९ साली, इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन तापविलेल्या मातीचा अभ्यास करीत होते. माती तापविली की पीक का सुधारते, याचे त्यांनी दिलेले कारण असे की, मातीतील उपकारक जंतूंना खाणारे सूक्ष्म प्राणी आचेने मरतात. ते कारण पुढे सर्वस्वी टिकले नाही. पण त्या चर्चेतून एक मोठी गोष्ट पुढे आली. माती ही निर्जीव भुकटी नसून जिवंत वस्ती आहे. तिच्यात मित्र आहेत तसे शत्रूही आहेत. आणि आच दिली की त्या वस्तीचा तोल बदलतो. ओलसर माती अर्धा तास ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली, तर रोपे कोलमडविणाऱ्या बहुतेक बुरश्या आणि त्यांच्यासारखे जीव मरतात. इंग्लंडातील काचघरांत टोमॅटो-काकडी पिकविणाऱ्यांनी यावरून वाफेने माती तापविण्याची रीत उचलली. आमच्या शेतकऱ्याकडे बॉयलर नव्हता; त्याच्याकडे शेण, कवळ आणि पातेरा होता.

राबाच्या या रोगनाशक अंगाची उघड ओळख झाली ती भातात नव्हे, तंबाखूत. तंबाखूचे बी मोहरीहूनही बारीक, आणि रोप अतिशय नाजूक. दाट वाफ्यात एका रात्रीत चकतीसारखी रोपे आडवी होतात. म्हणून पेरणीपूर्वी वाफ्यावर भाताचा तूस किंवा काडीकचरा धुमसत जाळावा, अशी शिफारस तंबाखूच्या शास्त्रज्ञांनी केली. त्याने रोपांची मर कमी होते, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हटतात आणि तणाचे बी जळते. या क्रियेला इंग्रजी पुस्तकांत ‘रॅबिंग’ म्हणतात. हा आमचा राबच इंग्रजी पोशाख घालून परत आलेला आहे! ज्या शब्दाची एकेकाळी जंगलखात्याच्या दफ्तरात हेटाळणी झाली, तो वनस्पतिरोगशास्त्राच्या परिभाषेत मानाने जाऊन बसला.

येथवर आग आणि राख यांची कथा झाली. परंतु राबात आणखी एक तिसरी वस्तू तयार होते, आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. राबावर मातीची चादर ओढतात हे आम्ही वर सांगितले. कोळसेवाला भट्टीवर माती लिंपतो, त्यातलेच हे तत्त्व आहे. हवा तोकडी पडली की लाकूड पुरते जळत नाही. त्यातील काही भाग काळा होऊन उरतो. राख पहिल्या पावसात विरघळून जाते, आच तर त्याच रात्री निवते. कोळसा मात्र वर्षानुवर्षे मातीत राहतो. आज ज्याला ‘बायोचार’ म्हणतात तो हाच: काडीकचरा कमी हवेत भाजून मुद्दाम मातीत घालण्यासाठी केलेला कोळसा. नाव नवे आहे. वस्तू फार जुनी आहे.

किती जुनी, याची साक्ष दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात मिळते. तेथील मूळची जमीन आमच्या जांभ्यासारखीच लाल, धुपलेली आणि निकस. पण तिच्यात मधूनमधून काळ्याभोर, कसदार मातीचे पट्टे लागतात. तेथे युरोपीय लोक येण्यापूर्वी शेकडो वर्षे राहिलेल्या वस्त्यांनी टाकलेला कोळसा, हाडे, मडक्यांच्या खापऱ्या आणि घरचा केरकचरा यांतून ती माती घडली. विम सॉम्ब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली ॲमेझॉनच्या जमिनींवरील ग्रंथात तिचे वर्णन केले, आणि पुढे जगाचे कुतूहल जागे झाले. जपानातही १६९७ साली मियाझाकी यासुसादा यांच्या ‘नोग्यो झेन्शो’ या शेतीग्रंथात काडीकचरा भाजून त्यात मैला मुरवून केलेल्या खताची वाखाणणी आहे. तेथील शेतकरी भाताच्या तुसाचा कोळसा रोपांच्या वाफ्यात आजही वापरतात. आणि रोगांचा प्रश्न घ्याल, तर अमेरिकेत रिचर्ड लॅम्ब ॲलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच लिहून ठेवले होते की, कोळशाची पूड घातल्याने गव्हाचा तांबेरा आणि इतर पिकांची भुरी आटोक्यात राहते. हे वाक्य दीडशे वर्षे कोणी गंभीरपणे तपासून पाहिले नाही.

ते तपासले गेले इस्राएलमध्ये. तेथील व्होल्कानी संशोधनकेंद्रातील यिगाल एलाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात मैलाचा दगड ठरला. त्यांनी संत्रावर्गीय झाडांच्या लाकडाचा कोळसा मातीच्या वजनाच्या शेकडा १ ते ५ या प्रमाणात मिसळला, आणि त्यात टोमॅटो व मिरची लावली. मग रोग सोडला तो मुळांवर नव्हे, पानांवर. कोळसा खाली आणि रोग वर. दोहोंची गाठ पडण्याचा संभव नाही. तरीही करडी बुरशी आणि भुरी यांचा जोर कमी पडला, आणि मिरचीवरील कोळी या किडीचाही उपद्रव घटला. याचा अर्थ एकच होऊ शकतो: कोळशाने शत्रूला मारले नाही, झाडालाच सावध केले. गावात चोर शिरण्यापूर्वी गस्त जागी व्हावी, तसे ते झाड आधीच सज्ज झाले.

आग आणि कोळसा यांतला भेद येथे स्पष्ट होतो. आग शत्रू-मित्र दोघांनाही मारते आणि निघून जाते. कोळसा कोणाला मारीत नाही. तो वस्तीत राहायला येतो. त्याच्या अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्या छिद्रांना पाणी आणि विरघळलेली द्रव्ये चिकटतात, आणि उपकारक जंतूंना बिऱ्हाड मिळते. अमेरिकेतील कनेक्टिकट येथे एल्मर आणि पिग्नाटेलो यांनी २०११ साली दाखविले की, एकाच जमिनीत फिरून फिरून ॲस्परॅगस लावल्याने मुळांतून झिरपलेली जी विषारी द्रव्ये साचतात ती कोळसा शोषून घेतो, मुळांशी सख्य करणारी बुरशी त्यामुळे वाढते, आणि मूळकुजीचा जोर ओसरतो. पुढे इस्राएलमधील त्याच मंडळींनी २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखविली. मुळे पोखरण्यासाठी रोगाची बुरशी जी पाचक द्रव्ये आणि विषे सोडते, तीही कोळशाच्या अंगाला चिकटून निकामी होतात. चोराच्या हातची पहार काढून घेण्यासारखेच हे झाले. शिवाय बहुतेक कोळसा थोडाफार क्षारधर्मी असतो. आंबट जमिनीचा आंबटपणा त्याने उतरतो. कोकणची जांभ्याची जमीन आंबटच आहे, आणि वांगी-टोमॅटोची रोपे उभ्या उभ्या माना टाकतात तो जंतुजन्य मर रोग त्या मुलखात नित्याचा आहे. याच रोगावर, टोमॅटोत, शहरी कचऱ्याच्या कोळशाचा उपयोग होतो, असे जपानी संशोधकांनी २००५ साली नमूद केले. आमच्या कृषिसंशोधकांनी लक्ष घालावे असा हा धागा आहे.

एवढे ऐकून कोणाला वाटेल की, मग सर्व रोगांवरचे रामबाण औषध सापडले. येथेच आम्हांस थांबून इशारा द्यावासा वाटतो. कोळसा ही एक वस्तू नव्हे. तुसाचा कोळसा वेगळा, बाभळीचा वेगळा. मंद आचेचा वेगळा, कडक आचेचा वेगळा. आणि मात्रा हा तर सर्वांत मोठा प्रश्न. अनेक प्रयोगांत असे दिसले की, थोड्या कोळशाने रोग घटतो, आणि तोच कोळसा वाढवीत नेला की गुण ओसरतो, क्वचित उलटतोही. कॅनडात २०१५ साली मेपल झाडाच्या सालीचा कोळसा वापरला तेव्हा रोपे कोलमडविणारा रोग कमी न होता वाढला. शिवाय कोळसा विषे शोषतो तशी औषधेही शोषतो. तणनाशक जमिनीत घातले तर त्याचा प्रभाव तो खाऊन टाकतो. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, इटलीतील संशोधकांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. बहुसंख्य प्रयोग कोळशाच्या बाजूने निघाले खरे. पण त्यांतील पुष्कळ प्रयोग कुंड्यांतले होते. कुंडीत सिद्ध झालेले शेतात सिद्ध होतेच, असे नाही.

आता थोडा हिशेब करू. एका हेक्टरवरील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २,००० टन भरते. तिच्यात शेकडा १ कोळसा मिसळावयाचा म्हणजे २० टन झाला! एवढा कोळसा कोणता शेतकरी आणणार, आणि कोणते रान पुरणार? परंतु तेच प्रमाण एका गुंठ्याच्या रोपवाफ्याला लावले तर सुमारे २०० किलो पुरतो. आणि एक हेक्टर भाताच्या लावणीला रोपासाठी दहाएक गुंठेच लागतात. भाजीपाल्याच्या रोपांना तर त्याहूनही थोडी जागा लागते. हा हिशेब मांडताना आमच्या लक्षात आले की, आम्ही नवे काहीच शोधून काढले नाही. राब करणाऱ्याने तो केव्हाच केला होता. तो सगळे शेत भाजीत नव्हता, दहाव्या हिश्शाएवढाच तुकडा भाजीत होता. कारण झाडाचे बाळपण जेथे जाते तेथे केलेली थोडी काळजी पुढे साऱ्या शेताला पुरते, हे त्याला ठाऊक होते.

त्याच्याजवळ नव्हते ते एवढेच: गुण कशाचा, हे वेगळे करून पाहण्याचे साधन. त्यामुळे आग, राख आणि कोळसा तिन्ही मिळविण्यासाठी तो एकच उपाय करीत राहिला, आणि रान झिजत गेले. ते साधन आज आमच्याजवळ आहे. भाताचा तूस, कपाशीच्या पळाट्या, तुरीच्या तुराट्या, बांबूचे तुकडे यांचा कोळसा झाकणाच्या साध्या भट्टीत करता येतो. त्यासाठी ऐनाच्या फांदीला हात लावावा लागत नाही. १८८५ साली जे भांडण कमिशनपुढे गेले, त्यातील दोन्ही पक्षांचे समाधान होईल असा हा मार्ग आहे. शेतकऱ्याला निरोगी रोप हवे होते, जंगलखात्याला झाड हवे होते. दोघांचेही मागणे रास्त होते. मधला दुवा तेवढा कोणाला दिसत नव्हता.

परंतु इतिहासापासून धडा घ्यावयाचा तर तो पुरता घ्यावा. १८८० च्या दशकात शहाण्या लोकांनी शेतकऱ्यास सांगितले की, तू जाळतोस ते व्यर्थ आहे. आज दुसरे शहाणे लोक त्याच शेतकऱ्यास पोत्यात भरलेला कोळसा दाखवून सांगतात की, हे घाल म्हणजे सर्व रोग पळतील. दोहोंत आम्हांस एकच खोड दिसते: वाफा पाहण्यापूर्वीच निकाल देण्याची. ओझान आणि मॅन यांचे मोठेपण कशात होते? बोलण्याआधी त्यांनी वाफे पाडले आणि रोपांना साक्षीस बोलाविले. तीच रीत आजही खरी. या उन्हाळ्यात ज्याला हौस असेल त्याने दोन सारखे वाफे करावेत. एकात शेणखतात मुरविलेला कोळसा थोड्या मात्रेने घालावा, दुसऱ्यात नुसते शेणखत घालावे. बी एकाच पिशवीतले, पाणी एकाच झारीचे. महिन्याने दोन्हींतली मेलेली रोपे मोजावीत, आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढल्या वर्षी पुन्हा तसेच करावे. दोन वर्षांनी त्या वहीत जे उतरेल ते त्या शेतापुरते खरे शास्त्र, आणि ते कोणत्याही कमिशनला खोडून काढता येणार नाही.